कर्नाळ्याच्या रस्त्यावर सुटलेली बोट

आमच्या डायव्हिंग क्लबची बोट रस्त्याने प्रवास करते असं सांगितलं की लोक हसतात. पण इथल्या खाडीत पाण्याखाली गेलं तर स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. म्हणून पाऊस संपला की खारघरहून निघायचं, मालवण गाठायचं आणि सगळा संसार बरोबर न्यायचा. बोट ट्रेलरवर बांधून जीपच्या मागे, आणि सिलिंडर, मोटर, डायव्हिंगचे सूट मागच्या टेम्पोत.

त्या सकाळी जीप माझा नवरा चालवत होता. त्याच्या शेजारी क्लबमधले सगळ्यात ज्येष्ठ काका बसले होते. मी मागे टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी. सिलिंडर भरलेले होते, लाकडी खाचांत आडवे ठेवून पाचरी मारलेले. टेम्पो सावकाश चालवायचा, जोरात ब्रेक मारायचा नाही, हे ड्रायव्हरला पाठ होतं. बोट रबरी, बाजूच्या नळ्यांत हवा भरलेली, तळ फायबरचा. ती आदल्या दुपारी नवऱ्याने आणि मी मिळून बांधली होती. दोन रुंद पट्टे, पुढून एक दोर. पहाटे निघताना मी पट्टा ओढून पाहिला. घट्ट वाटला.

पळस्पे फाटा मागे पडला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तो मागचा पट्टा हलतोय का बघा जरा."

हलत होता. त्याचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

मी नवऱ्याला फोन लावला. माझ्या पायाशी ठेवलेल्या बॅगेत रिंग वाजली. गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचा नाही असा क्लबचा नियम होता. त्याने तो निघतानाच माझ्याकडे दिला होता.

मग काकांना लावला. त्यांनी उचलला. "हॅलो! हॅलो! अगं, काही ऐकू येत नाही. चहाला पेणला थांबतोय!"

"काका, गाडी थांबवा! पट्टा सुटलाय!"

"हो हो, पेणला!" आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, दिवे मारत होता. पण त्या रस्त्यावर हॉर्नला कोण विचारतं? तेवढ्यात न्हावा शेव्याकडून आलेला एक कंटेनर आमच्या आणि जीपच्या मध्ये घुसला. आता समोर फक्त निळा पत्रा. "पुढे काढा ना," मी म्हणाले. ड्रायव्हरने आरशातून मागच्या सिलिंडरांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचं बरोबर होतं. मला समजत होतं की त्याचं बरोबर आहे, आणि तरी मी पायाने नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होते.

कर्नाळ्याच्या अलीकडे कंटेनर एका ढाब्याकडे वळला. बोट अजून ट्रेलरवर होती, पण मागचा भाग डावीकडे सरकला होता. तिच्या मागोमाग एक स्कूटर चालली होती. पुढे नवरा, मागे साडीतली बायको, मांडीवर पिशवी. स्कूटरवाला डाव्या बाजूने बोटीला ओलांडायच्या बेतात होता.

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले. दोन्ही हात हलवले. "मागे थांबा! मागे!" माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. ती बाई मात्र वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि हात वर केला. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी म्हणाली. स्कूटर मंदावली. वळण आलं आणि बोटीचा मागचा भाग घसरून सरळ त्यांच्यावर आला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मातीत आडवी पडलेली स्कूटर. पिशवीतून रस्त्यावर सांडलेले पेरू. आमची बोट तिरकी, नाक अजून दोराने ट्रेलरला अडकलेलं. माझा नवरा धावत येताना नुसता "काय झालं, काय झालं" म्हणत होता. पोलीस आले, तेव्हा त्यांना आधी टेम्पोतले सिलिंडर दिसले आणि त्यांनी सगळ्यांना लांब सरकवलं. "साहेब, यात फक्त हवा आहे," काका पुन्हा पुन्हा सांगत होते.

स्कूटरवाल्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्याच्या बायकोचं उजवं मनगट मोडलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी तिच्याजवळ बसले. ते करंजाड्याचे, बहिणीकडे पेणला निघालेले. ती घरी ब्लाउज शिवायची.

"तुमीच हात हलवत व्हत्या ना?" तिने विचारलं. "मला वाटलं, कोनी वलखीची बाई हाय. म्हनून यांना म्हटलं, जरा हळू घ्या."

स्कूटर मंदावली नसती, तर कदाचित ती बोटीच्या पुढे निघून गेली असती. कदाचित आणखी जोरात आदळली असती. माझ्या नवऱ्याला वाटतं, हळू झाल्यामुळेच ते वाचले. तिच्या नवऱ्याने यावर कधी एक शब्द काढला नाही. मी कितीदा ते वळण डोळ्यांसमोर आणलं, पण दर वेळी मला वेगळंच दिसतं.

पट्टा का सुटला ते नंतर कळलं. दुपारच्या उन्हात तट्ट फुगलेल्या नळ्या रात्रीच्या थंडीत आकसल्या, पट्टा हाताला कळणार नाही इतका ढिला पडला, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी त्याची कडी सरकली. आता आम्ही बोटीतली हवा काढून, घडी घालून टेम्पोत नेतो. एवढं सोपं होतं ते.

प्लास्टर निघाल्यावरही तिची मूठ पुरती मिटेना. मी रविवारी करंजाड्याला जायचे. ती चहा करायची, डाव्या हाताने कप पुढे करायची. "होईल हळूहळू," ती म्हणायची. मशीनवर चादर टाकलेली असायची. मला उठताही यायचं नाही आणि बसवायचंही नाही.

एकदा तिचा नवरा मला जिन्यापर्यंत सोडायला आला. खाली पाहत म्हणाला, "ताई, राग मानू नका. पन आता नका येऊ. तुमी येऊन गेल्या का ती दिवसभर कोनाशी बोलत नाय. रातच्याला पन झोपत नाय."

"बरं," मी म्हणाले.

"तुमची काय चूक नाय," तो घाईघाईने म्हणाला. "आमी कोनाला काय बोललो नाय, बघा."

मी पुन्हा "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. त्यानंतर मी गेले नाही. तिची मूठ आता मिटते की नाही, ती परत शिवायला बसते की नाही, हे मला माहीत नाही, आणि विचारावं असं कोणी मला तिथे उरलेलं नाही.