मागचे पाय आधी

जयगडच्या खालच्या वाडीतली सगुणा बहुतेक एकटीनेच संसार रेटायची. नवरा लवू आगबोटीवर खलाशी. बत्तीस सालच्या शिमग्याला तो घरी आला तो जपानहून काचेची बरणी घेऊन. आत पालीसारखं जनावर. पाठ काळी, पोट लालभडक.

"बोटीवरचा साहेब ह्याला सॅलमँडर म्हणतो. बेडकाचाच भाऊबंद, पण अंगाला विष. शिवलीस तर हात धू."

लवू परत बोटीवर गेला. मागे बरणीतल्या पानांना जनावराने अंडी चिकटवली, पिल्लं झाली, वाढली नि मेली. सगुणा ते रोज बघायची. आषाढात बरणी फुटली आणि जनावर नाहीसं झालं. शेजारच्या आनंदीबाईने बरणी फुटताना पाहिली होती. पुढे तिची शेळी मेली, त्यातच विहिरीत शेपटीवाली पिल्लं वळवळताना दिसली. ती त्या विषारी जनावराचीच म्हणत सगळी वाडी सगुणाच्या अंगणात उभी राहिली.

"विहीर बुजवायची," वाडीचे गावकर रावजी म्हणाले.

गोड्या पाण्याची वाडीला तेवढी एकच विहीर.

"रावजीकाका, थांबा," सगुणा म्हणाली. "विहिरीवरच्या फांदीला फेसाचे गोळे लोंबतायत ना, ते झाडावरच्या हिरव्या बेडकांचे. पिल्लं त्यातनंच खाली पडतात. बरणीतल्या पिल्लांना पुढचे पाय आधी फुटले होते. बेडकाला मागचे फुटतात. एक पिल्लू ठेवून बघा."

"आणि पुढचे फुटले तर गो?" रावजींनी विचारलं.

"तर पहिला दगड मी टाकीन."

पिल्लू रावजींच्या ओटीवर परातीत ठेवलं. बाया लांबच्या वाडीहून पाणी आणू लागल्या; सगुणाशी कोणी बोलेना. ती पुन्हा पुन्हा आठवून बघे. आपण नीट पाहिलं होतं ना? पुढचेच होते ना?

एका सकाळी रावजींनी हाक मारली. सगुणा परातीवर वाकली. शेपटीच्या मुळाशी दोन इवलेसे पाय, पुढे काहीच नाही. तिला रडू कोसळलं.

"पण ते मोठं जनावर विहिरीत पडलं असलं तर?" आनंदीबाई म्हणाली.

सगुणा तडक विहिरीवर गेली. तिने कळशी सोडली, वर ओढली आणि सगळ्यांदेखत ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. दिवे लागेपर्यंत वाडी तिच्या तोंडाकडे बघत बसली. तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आनंदीबाईच पहिली कळशी घेऊन विहिरीवर आली.

शेळी कशाने मेली, जनावर कुठे गेलं, कोणाला कळलं नाही. दिवाळीला आलेल्या लवूने बरणीची चौकशी केली, तेव्हा सगुणा एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला कापड आणा."