वरच्या मजल्यावरचं सावधान

पार्ल्यातल्या आमच्या जुन्या हॉलचा पत्ता कुणी कधी रस्त्याच्या नावाने सांगितला नाही. स्टेशनातून बाहेर पडा, मंडईतून सरळ या, मारुतीच्या देवळापाशी वळा, बिस्किटांचा वास मागे पडला की समोर दुमजली कौलारू हॉल. पाहुणे बरोब्बर पोचायचे. आता तिथे टॉवर आहे आणि लोक गेटवर उभे राहून फोन करतात, "नक्की कुठे यायचं?"

त्याच हॉलमध्ये आई परकरी वयात गणपतीत गायची. मी तिथे बालनाट्यात झाड झाले होते, एक वाक्यसुद्धा नव्हतं, तरी आईने टाळ्या वाजवून हात लाल केले. ऐंशीच्या दशकात माझं लग्न ठरलं तेव्हा मी बजावलं, हॉल तोच, नाहीतर रजिस्टर करते.

आईने माझ्यासाठी मंगलाष्टक रचलं होतं. पोळ्या लाटताना गुणगुणायची, मी स्वयंपाकघरात गेले की गप्प. पण आमच्यात मुलीच्या आईने मंगलाष्टकांना हॉलमध्ये थांबायचं नसतं. तिने मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायचं आणि वाजंत्री वाजली, म्हणजे लग्न लागलं, की आत यायचं.

"वन्सं, माझं एवढं एक म्हणते आणि लगेच जाते," आईने आत्याला भीत भीत विचारलं.

"ह्यां चलाचां नाय, वहिनी! माका दी, मी म्हणतंय."

आत्याचा गळा म्हणजे गिरणीचा भोंगा. माझं डोकं असं फिरलं! मी भांडले, रडले, जेवले नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गं. लग्नात तमाशा नको." पण मंगलाष्टक तिने आत्याला दिलं नाही ते नाहीच.

लग्नाच्या दिवशी वरच्या मजल्यावर दुसरं लग्न होतं, मुहूर्तही आमच्या आगेमागेच. मी बोहल्यावर उभी, समोर अंतरपाट, त्यापलीकडे नवरा. आई तांब्या घेऊन मागच्या दाराने अंगणात गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं राहिलं होतं, गुरुजी घाम पुसायला थांबले, आणि तेवढ्यात वरच्या लाउडस्पीकरवरून दणदणीत "शुभमंगल सावधान!" आलं. पाठोपाठ वरची वाजंत्री.

झालं! आमचे वाजंत्रीवाले बसलेले जिन्याखाली, त्यांना बोहलं दिसत नव्हतं. त्यांनीही सनई फुंकली. पाहुण्यांनी उरल्यासुरल्या अक्षता फेकल्या आणि निम्मे जण जेवणाच्या दिशेने सुटले.

"अहो, थांबा! लग्न लागलं नाही अजून!" गुरुजी ओरडले.

"वाट लागली!" आत्या म्हणाली.

आणि वाजंत्री ऐकून आई आत आली. रिवाजाप्रमाणेच आली, पण अंतरपाट अजून धरलेलाच होता. ती नवऱ्यामागे येऊन थबकली. मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू आल्या.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "मुहूर्त टळलेला नाही. वहिनी, आलाच आहात तर शेवटचं तुम्हीच म्हणा."

आत्याने तोंड उघडलं. मी मुंडावळ्यांतून तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं.

आई गायली. आधी आवाज थरथरला, मग असा लागला की पंगतीकडे पळालेले लोक हात पुसत परत आले. तिच्या मंगलाष्टकात मी झाड झाले होते तेसुद्धा होतं, बाई! माझ्या डोळ्यांसमोर नुसता अंतरपाट आणि त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक. मी ढसाढसा रडले, काजळाची पार वाट लागली. अक्षता कुणाकडेच उरल्या नव्हत्या, लोकांनी सतरंजीवरच्याच वेचून घेतल्या.

आईच्या "सावधान"वर अंतरपाट खाली आला. नवरीने आधी नवऱ्याकडे बघायचं असतं. मी त्याच्या खांद्यावरून आईकडे बघितलं. तिच्या हातात तांब्या होता, आणि तुळशीला घालायचं पाणी त्यात तसंच काठोकाठ होतं. इतका वेळ ती तुळशीपाशी गेलीच नव्हती, दाराआड उभी राहून ऐकत होती.