शेवटच्या सुरीचे पट्टे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दादाच्या शेडमध्ये ग्राइंडरसमोर उभी होते. मशीनच्या आवाजात रिंग ऐकूच आली नाही. पट्टा बदलायला थांबले, तर मोबाइल उजळलेला दिसला. "अरुणा, गेले गं..." एवढंच ती बोलली. हातातलं पातं अजून कोमट होतं. ते खाली ठेवावं की धरून राहावं, हेसुद्धा मला कळेना.

सुहासदादा, माझा थोरला भाऊ, पनवेलला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या बनवायचा. तळोज्याचा कारखाना बंद पडल्यावर त्याने जुनी मोटर आणून हे ग्राइंडर स्वतःच जोडलं. मासळीवाल्या, खाटीक, पळस्प्याच्या हॉटेलांतले आचारी त्याच्याकडे येत. भिंतीवर काचकागदाचे पट्टे टांगलेले असत. साठ नंबरचा जाड, मग एकशेवीस, दोनशेवीस, शेवटी चारशेचा मऊ. साठने पात्याला धारेकडे उतार द्यायचा आणि पुढच्या प्रत्येक पट्ट्याने आधीच्याचे ओरखडे पुरते काढायचे. मधला एखादा गाळला तर सुरी चकचकते, पण तिरपी धरली की जाड रेघा दिसतातच. झिजलेला पट्टा तो लगेच फेकायचा. बोथट पट्ट्यावर घासत बसलं की पातं तापून निळं पडतं, त्याला तापवून-विझवून दिलेलं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही.

पट्ट्यांबाबत इतका काटेकोर माणूस नाकातोंडाला मात्र साधा रुमाल बांधायचा. जाड पट्ट्याची धूळ पायाशी पडते, बारीक पट्ट्याची तरंगत राहते... हे आम्हाला डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला तेव्हा समजलं. फुप्फुसं कडक होत चालली होती. थोपवता येईल, असंही कुणी म्हणेना.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच सुमारास उरणच्या यमुनामावशी आल्या. वर्षानुवर्षं दादाच्याच सुरीने मासळी कापणाऱ्या. "सुहासभाऊ, माजी पोरगी आता बाजारात बसनार हाय. तिला तुमच्याच हातची सुरी पायजे, दुसऱ्याची नाय." वहिनी खुणेने नको म्हणत होती. दादाने हो म्हटलं.

पाणी दिलेलं एक पातं तयार होतं. पण ग्राइंडरच्या ठिणग्या आणि नाकात ऑक्सिजनची नळी, दोन्ही एकत्र शक्य नव्हतं. "तू ब्लाउज शिवतेस ना?" तो मला म्हणाला. "हात सरळ चालतो तुझा."

मग मी मास्क लावून शेडमध्ये घासायची आणि पातं घेऊन अंगण ओलांडून त्याच्या खाटेपाशी जायची. तो ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरायचा. बोलायला दम नसायचा, नखाने रेघ दाखवायचा. एकदा दोनशेवीसपर्यंत आले होते आणि त्याला टोकाशी जाड ओरखडा सापडला.

"परत साठ लाव."

"दादा, वेळ नाहीये रे आता!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने डोळे मिटून श्वास गोळा केला. "म्हणूनच सांगतोय... परत लाव."

दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे मास्कखालून बोलणं बंदच झालं. मी गेले की अंगठा बोटांवर घासून विचारायचा, कुठला पट्टा? मी कानाशी वाकून सांगायची, "एकशेवीस, दादा." सुरी पुरी होईपर्यंत तो थांबेल असं माझ्या मनाने घेतलं होतं. म्हणून शेडमध्ये मी हात आखडता घ्यायची. आणि मग वाटायचं, पुरी झालेली त्याला बघायला तरी मिळू दे, आणि वेड्यासारखी घासत सुटायची. दोन्ही मागण्या एकाच देवाकडे कशा करायच्या? त्या दुपारी फोन आला तेव्हा एकशेवीसचा पट्टा उतरवत होते.

दिवसकार्य झाल्यावर सुरी मी पूर्ण केली. यमुनामावशींनी ती लेकीच्या हातात दिली आणि तिथेच बसून रडल्या. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

परवा वहिनी म्हणाली, शेड रंगवून घेऊ, ही धूळ बघवत नाही. आम्ही मशीन बाजूला सरकवलं. सगळी भिंत करडी झालेली. फक्त तो उभा राहायचा त्याच्या पाठीमागे, खांद्यांएवढ्या रुंदीत, जुना पिवळा रंग तसाच उरला होता. तिथली धूळ भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती.

वहिनीने ब्रश डब्यात ठेवून दिला. शेड अजून रंगवलेली नाही.