आतून गेलेला टायर

पंक्चरवाल्याला सगळे 'चिकट्या' म्हणत. टायर एकदा हातात आला की तो चिकटवल्याशिवाय सोडायचा नाही, म्हणून. दुसरा कुणी "फेकून द्या" म्हणाला की लोक मुद्दाम त्याच्याकडे यायचे, आणि तोही खुलायचा. बाजूला चिरलेल्या टायरला मात्र हात लावायचा नाही, एवढं बापाने कान पिळून शिकवलं होतं.

त्या दुपारी थोरली बहीण आणि भाऊजी गाडी घेऊन दारात आले. मागचं चाक पार बसलेलं. स्टेपनी आधीच कामातून गेलेली. भाऊजींच्या आईला दुसऱ्या गावच्या इस्पितळात ऑपरेशनला घेणार होते. त्याआधी पोचायचं होतं.

"मधोमध खिळा आहे ताई, काळजीचं काही नाही. चहा होईस्तोवर करतो."

"चहा राहू दे, हात चालव!" भाऊजी खेकसले.

त्याने टायर उतरवला, खिळा उपसला, आतून पॅच बसवला, हवा भरून चाक पाण्यात धरलं. एक बुडबुडा नाही. गाडी धूळ उडवत गेली.

मग तो झाडू मारायला लागला आणि मध्येच थांबला. टायर उतरवला होता तिथे फरशीवर काळी पूड पडली होती. त्याने चिमटीत घेतली. रबर! म्हणजे बसलेल्या चाकावर गाडी लांबवर रेटली होती. टायरच्या बाजू आतल्या आत रगडल्या गेल्या होत्या, आणि घाईत त्याने तिकडे बघितलंच नव्हतं. भोक बुजलं होतं, पण टायर गेला होता. वेग घेतला की फुटणार.

त्याने झाडू टाकला. ताईला फोन लावला, तर तो त्याच्याच बाकावर वाजू लागला. चार्जिंगला लावून ती विसरली होती. आणि गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हा भाऊजींचा नेम. दुकान उघडं टाकून त्याने स्कूटरला किक मारली.

प्रत्येक वळणावर नजर आधी रस्त्याकडेच्या चरात जात होती. एके ठिकाणी गर्दी दिसली आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. ट्रकमधून विटा सांडल्या होत्या. पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं, वाहनांची रांग लागलेली. रांगेत ती गाडी.

"ताई, उतर! भाऊजी, तुम्हीही!"

"वेड लागलंय का तुला? फाटक उघडतंय!"

"माझं चुकलं. शिव्या नंतर घाला, आधी उतरा."

त्याने भाऊजींना हाताला धरून मागच्या चाकापाशी नेलं. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. भाऊजींनी बोट पुढे केलं आणि चटकन मागे घेतलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

"आता रे?" ताईने विचारलं.

"स्कूटर न्या दोघं. गाडीचं मी बघतो."

संध्याकाळी फाटकाजवळच रस्त्याकडेला, मागवलेला नवा टायर बसवून होतो न होतो तोच भाऊजींचा फोन आला. "आत नेण्याआधी आईची भेट झाली. आता शुद्धीवर आलीय."  मग म्हणाले, "जेवलास का?"

"जेवतो," म्हणत त्याने फोन ठेवला आणि तिथेच मैलाच्या दगडावर बसला.