व्हाळापलीकडचा बार

आचरा गावातल्या आमच्या माडांवर चढणारा पाडेली त्या सकाळी नारळ अर्धेच पाडून खाली उतरला आणि म्हणाला, "बाबी बाकार बसलो आसा. वयरसून हाक मारलंय, तरी बघणा नाय." आमच्या आणि बाबीच्या घरामध्ये फक्त एक व्हाळ, म्हणजे ओढा, त्यावर साकवाचा लहानसा पूल. मी पोचलो तेव्हा बाबी पडवीत लेथसमोरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. चष्मा डोळ्यांवरच होता. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेला असावा... आदल्या संध्याकाळी मी व्हाळाच्या अलीकडे घरापुढच्या खळ्यात बसून चहा पीत होतो. त्याला आता दोन महिने होतील.

बाबी आणि मी एका वर्गातले. तो मुंबईला गोदीत फिटर झाला, मी इथेच मास्तर. पन्नास सालाच्या पुढेमागे तो बायकोला घेऊन बाग सांभाळायला परत आला. माणसं मुंबईहून ट्रंका आणतात, याने धातू कातायचा, पायाने चालवायचा लेथ आणला आणि परवान्याची एक रायफल. बंदूक चालवण्यापेक्षा ती खोलून बसण्यात त्याला गोडी. शिकार त्याने कधी केली नाही. माकडं माडांवर आली की त्यांच्या डोक्यावरून एक बार काढायचा, एवढंच. सकाळी व्हाळापलीकडून तो बार आला की माझी आई म्हणायची, बाबी उठला.

मग वैनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तापातून उठल्यावर छातीचं दुखणं जडलं. बार झाला की ती दाराची चौकट धरून उभी राहायची आणि दुपारपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर येत नसे. बाग सोडून द्यावी तर दोघांनी खायचं काय? काडतुसात दारू कमी घालून पाहिली, तर गोळी भलतीकडेच जायची. तेव्हा बाबीने डोक्यात घेतलं की या बंदुकीला आपणच नवं, बारीक, दबक्या आवाजाचं काडतूस करायचं. बाजारातल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड आवळायचं, त्यात बसेल अशी इवलीशी गोळी करायची, नळीच्या आत दुसरी बारीक नळी... कुठल्याच कारखान्यात न होणारं, फक्त त्याच्याच रायफलीत जाणारं काडतूस. पुंगळ्या चिरायच्या, गोळ्या अडकायच्या. सगळा गाव त्याची टर उडवायचा, त्यात मी पुढे. एकदा म्हटलं, "अरे, माकडां आवाजाक भितत, गोळयेक नाय." हातातल्या कानशीवरची नजर न काढता तो म्हणाला, "माका म्हायत आसा." त्या वर्षी बार बंद, म्हणून माकडांनी त्याचे निम्मे नारळ खाल्ले. वैनी खाटेवरून त्याला जेवायला हाका मारायची आणि तो आलो आलो म्हणत तिथेच बसून राहायचा.

वैनी गेली ती एका दुपारी, झोपेत. बंदुकीच्या बाराचा तिच्या जाण्याशी काही संबंध नव्हता. काडतूस तेव्हा अर्ध्यावर होतं. मला वाटलं, आता हा सगळं गुंडाळून ठेवील. पण दिवसकार्य आटोपलं आणि लेथ पुन्हा फिरू लागला. आता कशासाठी, हे मला विचारवलं नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी, एरवी कधी स्वतःहून न येणारा बाबी एका सकाळी साकव ओलांडून माझ्या खळ्यात येऊन उभा राहिला.

"आयकलंस?"

"काय?"

"आताच बार काढलंय."

मी काहीच ऐकलं नव्हतं. तसं सांगितलं. तो सावकाश पायरीवर बसला. "म्हणजे ह्यो तिका चललो असतो," म्हणाला, आणि चहाही न घेता परत गेला. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही.

त्यानंतर माकडांना भीती उरली नाही आणि आम्हाला पलीकडची खबर. तो रोज सकाळी एक बार काढायचा म्हणे. आम्हाला कसं कळणार? जुन्या सवयीने माझा कान तिकडे लागायचा, आणि काही आलं नाही तरी बाबी उठला असेल असं धरून मी कामाला लागायचो.

परवाना त्याच्या नावाचा, म्हणून रायफल ठाण्यात जमा झाली. हवालदाराने काडतुसं हातात फिरवून विचारलं, ही कुठल्या बंदुकीची? मी म्हटलं, हिचीच, दुसऱ्या कुठल्याच नाही. एक रिकामी पुंगळी मी मागून घेतली. ती माझ्या खिडकीत असते. सकाळी तिच्याकडे लक्ष गेलं की कान आपोआप व्हाळापलीकडे लागतो. काहीच ऐकू येत नाही. तसं गेली कित्येक वर्षं येत नव्हतंच... पण तेव्हा पलीकडे बाबी होता.