रजेच्या पानाचा पत्ता

सांगलीतल्या एका हळद कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघायचे. हजेरी, रजा, मालाची नोंद अशी कंपनीची आतली पानं उघडायला आकड्यांचा लांबलचक पत्ता टाकावा लागे. लोक तो तळहातावर लिहून आणत, एखादा आकडा चुकला की मला फोन. म्हणून मी प्रत्येक पानाला साधं नाव दिलं. रजेच्या पानाला इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘रजा’. ते ‘राजा’ असंही वाचता येई. उंब्रजच्या गोदामातले सुपरवायझर, माजी सैनिक, हसून म्हणाले, “राजा लिवलं की रजा मिळती व्हय? लय झ्याक!”

पुढे ही पानं ज्यावर होती तो जुना सर्व्हर कुरकुरायला लागला, तेव्हा पानं नव्यावर हलवली. कोणतं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं, ती यादी सांगलीत बदलली. उंब्रजची यादी वेगळी होती, मीच केलेली. ती बदलायची विसरले. जुना सर्व्हरही असू दे म्हणून चालूच ठेवला होता.

दोन आठवड्यांनी त्या सुपरवायझरांचा फोन आला. बायकोच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेले होते. दोघं घरी परतले तर दारात कंपनीचं पत्र: न कळवता गैरहजर.

“आवं मॅडम, मी अर्ज भरलाय. ‘अर्ज पोचला’ असं आलं हुतं. पलटणीत सतरा वर्सं काढली, एक दिस बिनरजेचा न्हाई ऱ्हायलो.”

मी जुना सर्व्हर उघडला. त्यांचा अर्ज तिथेच पडला होता, सांगलीत कुणालाच न दिसता. खाली आणखी चौघांचे.

अर्ज छापून मॅनेजरकडे नेले आणि चूक माझी म्हणून सांगितलं. पत्र मागे घेतलं गेलं. खुलाशात मी ‘माझ्या चुकीमुळे’ लिहिलं होतं; मॅनेजरांनी ते खोडून ‘तांत्रिक अडचणीमुळे’ केलं. मी गप्प बसले, सहीसुद्धा केली.

पण राहवेना. उंब्रजला गेले, त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला बसायला खुर्ची दिली.

“चुकतं माणूस,” ते म्हणाले. “पर ते पत्र माझ्या आदी बायकोच्या हातात पडलं. ऑपरेशनचं टाकं वलं हुतं तिचं. तिला वाटलं, तिच्यापायी माझी नोकरी गेली. आजून मनातनं जात न्हाई तिच्या.”

उंब्रजची ती यादी दुरुस्त करायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.