चौथ्या टेबलाचं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी मी लहानपणी पोटभर ऐकल्या. येडगावला धरणाच्या काठी वाढलेल्या मुलीला पाण्यातल्या आसरा आणि पिंपळावरचा मुंजा काय नवीन? पण कॉलेजात गेले आणि ते सगळं मागे पडलं. आज मी अवसरी खुर्दच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. या सदरातले अनुभव वाचून नवऱ्याला "बघा हो, काय काय लिहितात लोक" म्हणणारी मीच. तरीही आज लिहायला बसले आहे... आणि लिहिताना आमच्या सरांनी शिकवलेली पद्धतच वापरणार आहे. काय घडलं ते आधी, मला काय वाटलं ते शेवटी.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नारायणगावच्या एका कॉलेजात मी बीएस्सी करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दादा — माझे वडील — विहिरींच्या कामावर जायचे, सुरुंग लावायचं काम. आईला सही येत नव्हती. माझ्या शिकण्याला घरातून विरोध एकच, चुलत्यांचा. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की सायन्सच्या पोरी ॲसिड हाताळतात.

"पोरीची जात हाय," ते दादांना म्हणायचे. "तोंडबिंड भाजलं तर उजवायची कशी? एकदा का काय झालं ना, मी सोता तिला घरी आणून बसवीन."

आणि ते खरंच बसवतील हे दादांना, मला, सगळ्यांना माहीत होतं. घरात शब्द त्यांचाच चालायचा. त्यामुळे लॅबमध्ये साधा चटका बसला तरी मी बोट ओढणीत लपवून घरी जायची.

बायोलॉजीचे वाळुंज सर शिस्तीचे. केस घट्ट बांधलेले, ओढणी ॲप्रनच्या आत, बांगड्या पिशवीत. पिपेटला तोंड लावलेलं दिसलं की त्या दिवशी प्रॅक्टिकल बंद. आणि त्यांची एक रीत होती, जी मी पुढे कुठल्याच लॅबमध्ये पाहिली नाही. स्पिरिटचा दिवा पेटवणाऱ्याने आधी मोठ्याने "दिवा!" म्हणायचं. मग प्रत्येक टेबलाने आपल्या आजूबाजूला बघायचं — बाटली उघडी आहे का, काही सांडलं आहे का, कुणाची वेणी पुढे आली आहे का — आणि आपला नंबर पुकारायचा. एक, दोन, तीन, चार. चारही टेबलं बोलली की मगच काडी ओढायची.

घरी सांगितलं तर दादा मांडीवर थाप मारून हसले. "आगं, ही तर आमची रीत! बार उडवायच्या आदी आमी नाय का वरडत, 'बार हाय रं!' म्हणून? चारी अंगानं वरडून जाब आला की मंग वात पेटवायची. तुजा सर इहिरीवर व्हता का काय?"

मी सरांना विचारलं. सर मिश्या पुसत म्हणाले, "माझे वडील होते."

चौथ्या टेबलावर मंदा बसायची. ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेची, डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली. नारायणगावात मामाकडे राहून शिकत होती. लहानपणी तिचं कुडाचं घर चुलीच्या ठिणगीने जळालेलं, त्यामुळे सरांची रीत जर कुणी मनापासून पाळत असेल तर मंदा. आम्ही पटापट नंबर म्हणून मोकळे व्हायचो. मंदा मात्र आधी म्हणणार, "थांब, बघू दे." मग टेबलाखाली वाकणार, बाटल्यांची झाकणं चाचपणार, मोरीत डोकावणार... आणि मग सावकाश, "चार."

दोन नंबरच्या टेबलावरचा सुरेश कावायचा. "मंदे, तुझं चार येईस्तोवर जुन्नरची एसटी जाऊन परत येती राव!"

"मंग जा की एसटीनं," मंदा म्हणायची. "भाजलास म्हंजी तुज्या आईला कोण सांगणार? मीच ना?"

मीही रोज तिच्यावर ओरडायची, "मंदे, लवकर!" हातात काडी, काडेपेटी तयार आणि ही आपली टेबलाखाली. आज ते आठवलं की हसू येतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि मामाने मंदाचं लग्न ठरवलं. तिला विचारलं नाही. जाताना ती आपला ॲप्रन मला देऊन गेली. चौथं टेबल रिकामं राहिलं.

सर म्हणायचे, "टेबल रिकामं असलं तरी त्याचा नंबर कुणीतरी बघून म्हणायचा." दोन-चार दिवस म्हटला. मग आमचं मोजणं तीनवरच थांबायला लागलं.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतरची ती दुपार. जीवाणूंच्या स्लाइडचा सराव करायला आम्ही तिघंच लॅबमध्ये होतो. एक नंबरला मी, दोनला सुरेश, तीनला जयश्री. सर शेजारच्या वर्गात लेक्चर घेत होते, त्यांचा आवाज भिंतीतून येत होता. आमच्या मागच्या अंगाला टोमॅटोचे व्यापारी सडका माल टाकायचे, आणि त्या दिवशी वारा नेमका आमच्याकडे. जयश्रीने नाक धरलं आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. त्यात सुरेशने फॉर्मलिनची बरणी उघडून ठेवलेली. म्हणजे वास येत होता तो एकच, डोळ्यांतून पाणी काढणारा; त्यात दुसरा कुठला कळलाच नसता.

स्लाइड दिव्यावरून फिरवायची होती. मी म्हटलं, "दिवा! एक."

"दोन," सुरेश मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाला.

"तीन," जयश्री.

मी काडी पेटीला टेकवली.

"थांब, बघू दे."

माझ्या मागून, डावीकडून. चौथ्या टेबलाकडून. आवाज घोगरा नव्हता, लांबून आलेला नव्हता, दचकवणारा तर मुळीच नव्हता. रोजचा होता. इतका रोजचा, की मी सवयीने काडी खाली घेतली आणि वैतागून म्हटलं, "मंदे, लवकर!"

म्हटलं... आणि वाट बघत उभी राहिले.

सुरेशने मान वर केली. "कुणाला म्हणतीस?"

मी वळून बघितलं. चौथ्या टेबलावर कुणी नव्हतं. पण पेट्रोलियम ईथरची बाटली तिथे आडवी पडली होती. सकाळच्या बॅचने पानांतले रंग वेगळे करायचा प्रयोग केला होता, त्यांनी ती तशीच ठेवली असावी. झाकण सैल. ईथर कडेवरून ठिबकत फरशीवर उतरलं होतं आणि फरशीच्या उतारावरून ओली रेघ थेट माझ्या टेबलाखाली आली होती. माझ्या चपलेची कड ओली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ईथरची वाफ जड असते, जमिनीवर पसरते, आणि तिला पेटायला एक ठिणगी पुरते. खिडक्या बंद. काडी ओढली असती तर आधी मी पेटले असते.

सुरेशने खिडक्या उघडल्या, जयश्री सरांना बोलवायला पळाली. मी काडेपेटी मुठीत धरून तशीच उभी. सरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एवढंच म्हणाले, "टोमॅटोच्या वासानं कुणी मेलेलं ऐकलंय का रे?" नंतर त्यांनी तिघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं आणि कागद दिले. काय केलं, काय पाहिलं, काय चुकलं, ते लिहायचं. सरांचा नियम सगळ्यांना पाठ होता — दिसलं-ऐकलं ते निरीक्षण, वाटलं ते अनुमान. दोन्ही एका वाक्यात कालवायची नाहीत.

मी पेन धरून बसले. लिहिलं तर सर म्हणणार, गावची पोर ती गावचीच. पण नाही लिहिलं, तर काडी का खाली घेतली याचं उत्तर काय देणार? शेवटी लिहिलं. "चौथ्या टेबलाच्या दिशेने 'थांब, बघू दे' असे शब्द ऐकू आले. आवाज मंदाचा होता."

सरांनी तीनही कागद वाचले. सुरेशला काहीच ऐकू आलं नव्हतं. जयश्रीने "थांब" एवढंच ऐकलं होतं. तिला वाटलं सुरेश बोलला.

"अलका, हे तू ऐकलंस?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"नक्की?"

"हो सर."

सरांनी माझा कागद परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "'आवाज मंदाचा होता' हे अनुमान आहे. 'मंदासारखा होता' असं कर. बाकी राहू दे." मी खाली 'अनुमान' असं लिहून त्यापुढे पेन टेकवलं तर म्हणाले, "ते रिकामं सोड. माहीत नसेल तर रिकामं सोडायचं असतं."

पण मला वेगळीच धास्ती लागली. तुम्हालाही तीच शंका आली असेल. मंदाला काही झालं तर नाही? तेव्हा मोबाइल कुठले! पुढच्या रविवारी दादांना घेऊन मंदाच्या सासरी निघाले; गावाचं नाव तिने जाताना सांगितलं होतं. कारण सांगितलं नाही, मैत्रिणीला भेटायचंय म्हटलं. घोडेगावपर्यंत एसटी, पुढे माणसं कोंबून नेणारी वडापची जीप, पुढे चढण.

खाचरांच्या पलीकडे घर दिसलं. दारात एक बाई वाकून भाताच्या पेंढ्या झोडत होती. तिने मान वर केली.

"आगं बया! आलके!"

मी तिला मिठी मारून रडले. मंदाला कळेना. "काय गं? कोन गेलं का काय?"

दादा आणि तिच्या सासूबाई ओट्यावर बसले आणि आत मी मंदाला सगळं सांगितलं. मी विचारलं, त्या दिवशी तुला काही जाणवलं होतं का? स्वप्न, हुरहूर, काही?

"न्हाई बा," ती म्हणाली. "रोजच्यावानी दिस व्हता. भाताची झोडणी चालली व्हती. खोटं कशाला सांगू?" मग तिनेच विचारलं, "सरांनी खरंच ते ऱ्हाऊ दिलं? माजं नाव?"

"राहू दिलं."

मंदा काटकीने चुलीपुढची राख उगाच सारखी करत बसली. "म्हंजी," ती म्हणाली, "चार नंबर अजून माजाच हाय."

तिने चहाचं आधण ठेवलं, काटक्या रचल्या, काडेपेटी घेतली. आणि अगदी सहज, सवयीने म्हणाली, "दिवा!"

मी म्हटलं, "एक."

ओट्यावरून दादांचा विहिरीवरचा खणखणीत आवाज आला, "दोन!"

"तीन," सासूबाई म्हणाल्या, आणि दादांना सांगायला लागल्या, "काय सांगू पावणं, ह्या पोरीनं मला बी कालेजात घातलंय. रोज नंबर म्हनल्याबिगर च्या मिळत न्हाई."

"थांब, बघू दे," मंदा म्हणाली. वाकली, चुलीमागे बघितलं, पेंढ्याची काडी बाजूला सारली. मी तो आवाज डोळे मिटून ऐकला.

"चार."

मग तिने काडी ओढली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चुलत्यांना कधी काही कळलं नाही. माझ्या पदवीचे पेढे त्यांनीच गावभर वाटले. मी खूप विचार केला. सवयीचा कान असेल, मनाचा खेळ असेल... पण मग जयश्रीने काय ऐकलं? मला माहीत नाही. अनुमानाची जागा अजून रिकामी आहे.

माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत तीनच टेबलं आहेत. मुलं "दिवा!" म्हणतात, तीनही टेबलं उत्तर देतात, आणि काडी धरलेलं मूल माझ्याकडे बघतं. "मॅडम, झाले सगळे. पेटवू?"

"थांब जरा," मी म्हणते. आणि आम्ही सगळे थांबतो.